डावा आरसा

आवाज फार मोठा झाला नाही. चहाच्या टपरीवर कुणी रिकामा ग्लास फळीवर ठेवावा, तेवढाच. गेल्या श्रावणातला गुरुवार, संध्याकाळचे सहा चाळीस. आबांना घेऊन मी मिरजेहून सांगलीला निघाले होते. दुपारी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यावर पांढरी जाड पट्टी, वर चिकटपट्ट्यांची फुली, आणि गाडीभर दवाखान्याचा तो वास, जो घरी आल्यावर कपडे धुतले तरी दोन दिवस नाकातून जात नाही. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती भुरभुर. मागची काच धुरकटली होती. मागून एक बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच चालला होता, समोरून एक दुचाकी माझ्या बाजूला घुसली, मी स्टिअरिंग जरा डावीकडं घेतलं आणि तो आवाज झाला. डावीकडं एक सायकल होती. मागं कॅरियरला पत्र्याची निळी पेटी, खारी-टोस्टवाल्यांची असते तशी. तिच्या हँडलला माझा डावा आरसा लागला आणि फटकन मिटला. मिटलेल्या आरशात मागचा रस्ता दिसत नाही. त्याची काच दाराच्या काचेकडं वळते. मी पाहिलं तेव्हा तिथं आबांचा अर्धा चेहरा होता.

पाय ब्रेकवर गेला होता, हे मी शपथेवर सांगेन. दाबला गेला नाही, हेही.

मधल्या आरशात धुरकट काचेपलीकडं काहीतरी निळं कललेलं दिसलं, एक हात वर गेल्यासारखा वाटला. तो हात 'थांबा' म्हणत होता, शिवी देत होता की नुसता तोल सावरत होता, कोण जाणे. मागच्या बसचा हॉर्न पुन्हा वाजला. मी पुढं गेले. 'पुढं जाऊन बाजूला घेऊ' असं स्वतःला सांगत विश्रामबागच्या सिग्नलपर्यंत आले. तिथं आबांच्या अंगावरून वाकून काच खाली केली आणि आरसा उघडला. कोपऱ्यात तडा गेला होता. आरशात आता प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेले दुचाकीवाले होते, एक रिक्षा होती, ओला रस्ता होता. सायकल नव्हती. सिग्नल सुटला. आबा सगळा वेळ समोर बघत बसले होते. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना त्यांनी एवढंच विचारलं, "आरसा फुटला काय गं?"

आबा बत्तीस वर्षं ट्रकवर होते. सांगलीची हळद आणि गूळ घेऊन वाशी, भिवंडी, कधी पार गुजरात. 'आरसा फुटला काय' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण क्लीनरला उद्देशून. मला ते असं दारात विचारलं जाईल, आणि पुढं काहीच विचारलं जाणार नाही, याची मला सवय नव्हती. "जरा तडा गेलाय," मी म्हणाले. "बरं," म्हणाले आणि आत गेले. त्या रात्री दोनदा उठून मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायच्या वेळा पाळल्या, नाही नाही, चुकीचं लिहिलं. थेंब दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर सुरू झाले. त्या रात्री मी दोनदा उठले ती गाडी बघायला. खाली पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात आरशाच्या कडेला एक निळसर ओरखडा दिसला. नखानं खरवडला तर निघाला. खरवडून झाल्यावर लक्षात आलं की आपण काय करतोय.

'किरकोळ' हा शब्द मी त्या रात्रीत किती वेळा मनात म्हटला असेल. किरकोळ धक्का, किरकोळ खरचटलं असेल, किरकोळ नुकसान. आमच्या मामाचा मुलगा वकील आहे. सकाळी सातला त्याला फोन लावला. तो बहुतेक दात घासत होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, काही होत नाही. कुणी तक्रार दिली तर बघू." मग पाणी थुंकल्याचा आवाज आला आणि त्यानं विचारलं, "त्याला लागलं का?" मी म्हणाले, "माहीत नाही." तो क्षणभर गप्प बसला. "बास, तिथंच तर घोळ आहे," म्हणाला.

घोळ कसा, ते त्यानं सांगितलं आणि मग मीही दिवसभर वाचत बसले. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १३४ म्हणतं की अपघातात कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकानं, कुणी जखमी असेल तर त्याला जवळच्या डॉक्टरकडं किंवा दवाखान्यात न्यायची शक्य ती सगळी खटपट करायची. पोलिसांनी विचारलं तर माहिती द्यायची. जागेवर पोलीस नसेल, तर शक्य तितक्या लवकर आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन सांगायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. त्याआधीचं १३२ नाव-पत्त्याचं: ज्याचं नुकसान झालं त्यानं मागितला तर आपला आणि गाडीच्या मालकाचा नाव-पत्ता द्यायचा, फक्त त्यानंही आपला द्यायला हवा. हे पाळलं नाही तर कलम १८७. पूर्वी तीन महिने कैद किंवा ५०० रुपये दंड, नाहीतर दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने आणि ५,००० रुपये. पुन्हा तेच केलं तर वर्षभर आणि १०,०००. शिवाय भारतीय न्याय संहिता आहेच. बेदरकार गाडी चालवली म्हणून २८१, त्यातून कुणाला दुखापत झाली तर १२५. मरणापर्यंत गोष्ट गेली तर पुढचं आणखी निराळं.

म्हणजे सायकलवाल्याला काही लागलं नसेल आणि त्याचं काही नुकसानही झालं नसेल, तर १३४ ची दवाखान्याची आणि २४ तासांची गोष्ट माझ्यापर्यंत येतच नाही. लागलं असेल, तर मी गुन्हेगार. आणि लागलं की नाही हे कळायला एकच उपाय होता, तो मी सहा चाळीसला घालवला होता. ज्याला मी रात्रभर 'किरकोळ' म्हणत होते, तो शब्द वापरायचा हक्क थांबलेल्या माणसाचा असतो. न थांबलेल्याचा अपघात कसला होता हे दुसराच कुणीतरी ठरवतो. तो डॉक्टर असेल, फौजदार असेल, नाहीतर रस्त्यावर बसलेला एक माणूस आपला गुडघा चाचपून बघत असेल.

त्या १३२ मध्ये एक गंमत आहे. अपघातात 'जनावर' सापडलं तरी हे लागू. आणि जनावर म्हणजे काय याची यादीही दिली आहे: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. कुत्रं नाही, मांजर नाही. हत्तीला गाडीचा धक्का लागला तर नाव-पत्ता कुणी कुणाला द्यायचा, असा विचार मनात आला आणि त्या अवस्थेतही मी एकटीच हसले. पण 'मेंढी' वाचलं आणि हसू थांबलं.

मी सातवी-आठवीत असेन, म्हणजे १९८४-८५. मे महिन्याच्या सुट्टीत आबांनी मला एकदाच ट्रकमधून मुंबई दाखवायला नेलं होतं. केबिनमध्ये बॉनेटवर घोंगडं टाकून बसायचं, खालून धग यायची, डिझेल आणि गुळाच्या वासानं डोकं जड व्हायचं. खंबाटकीच्या पायथ्याला पहाटे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. आबांनी गाडी हळू केली होती, पण शेवटचं एक कोकरू उलट फिरलं. आवाज झालाच नाही, नुसतं चाक किंचित उचलल्यासारखं वाटलं. क्लीनर म्हणाला, "दाबा मालक, अंधार हाय." आबांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, धनगर काठी घेऊन धावत येत होता त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी वरून बघत होते. धनगर ओरडत होता, आबा मान खाली घालून ऐकत होते. मग दोघं खाली उकिडवे बसले. आबांनी बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर आपलं नाव लिहून दिलं, गावाचं, मालकाचं. धनगरानं त्याचं सांगितलं, तेही आबांनी लिहून घेतलं. पैसे दिले, किती ते मला आठवत नाही. परत वर चढून बसले तेव्हा त्यांच्या हाताला लोकरीचा आणि रक्ताचा वास होता. क्लीनरला म्हणाले, "गाव सांगितलं म्हंजी संपलं न्हवं. गाव सांगितलं म्हंजी आपुन हितं हुतो." तेव्हा १९३९ चा कायदा होता. आबांनी तो वाचला असणं शक्य नाही.

ही गोष्ट इथंच थांबवली तर फार सोयीची आहे. बाप थांबला, लेक पळाली. पण दुसरीही एक गोष्ट आहे. ती आबांनी सांगितलेली नाही, त्यांच्या त्याच क्लीनरनं माझ्या लग्नात, जेवणावळीत, जरा घेतलेली असताना सांगितली. कऱ्हाडच्या अलीकडं रात्री एक मोटारसायकल आडवी आली. माणूस पडला. शेजारच्या ढाब्यावरून माणसं दगड घेऊन निघाली. आबा थांबले नाहीत. गाडी दामटली ती थेट पोलीस चौकीच्या आवारात नेऊन उभी केली आणि स्वतः आत जाऊन बसले. ड्रायव्हर लोकांत ही रीत आहे, आणि कायद्याच्या कलमातही ती आहे: 'जमावाच्या प्रक्षोभामुळं शक्य नसेल तर' अशी सवलत जखमीला दवाखान्यात नेण्याच्या कर्तव्यालाच जोडलेली आहे. सांगायच्या कर्तव्याला नाही. त्या माणसाचा पाय मोडला होता. त्याला रस्त्यावरून कुणी उचललं, कधी उचललं, आबांना कळलं नाही. सहा वर्षं तारखा चालल्या. तारखेच्या आदल्या रात्री आबा जेवायचे नाहीत, त्याचं कारण मला त्या लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा कळलं.

२०२४ च्या १ जानेवारीला पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवतंय ना? नव्या संहितेतल्या १०६ च्या दुसऱ्या पोटकलमावरून ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मेला आणि चालक पोलिसांना न सांगता पळाला, तर दहा वर्षं. मग सरकारनं ते थांबवलं. १ जुलैला संहिता लागू झाली, ती ते पोटकलम बाजूला ठेवूनच. त्या दिवशी टीव्हीवर कुणी म्हणत होतं की कडक शिक्षेशिवाय हे लोक थांबायचे नाहीत. आबा पलंगावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "शिक्षा किती ते रस्त्यावर कुनाला आठवतंय? मागनं किती मान्सं पळत येत्यात तेवढंच दिसतंय." मला ते तेव्हा पटलं होतं. पण माझ्या मागं कोण पळत येत होतं? भुरभुर पाऊस होता, एक बसवाला हॉर्न वाजवत होता, आणि एक माणूस बहुतेक टोस्ट गोळा करत होता. दगड नव्हते. मला घरी पोचायचं होतं, आबांना आडवं करायचं होतं, खिचडीचा कुकर लावायचा होता.

शुक्रवारी सकाळी मी पेपरातलं स्थानिक पान पहिल्या ओळीपासून वाचलं. अपघाताच्या दोन बातम्या होत्या, दोन्ही दुसरीकडच्या. हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची शिसारी आली, कारण त्या दोन बातम्यांपैकी एकीत माणूस गेला होता आणि मी ती आनंदानं वाचली होती. फोनवर अनोळखी नंबर आला की पोटात गोळा यायचा. चौकातल्या खांबावरचे कॅमेरे मी आजवर कधी मोजले नव्हते, ते मोजले. मला त्या माणसाची काळजी वाटत होती की माझी, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर दुपारी बारापर्यंत माझी होती. बारानंतर काय झालं, माहीत नाही, पण त्याच्या पेटीचा विचार यायला लागला. पावसात भिजलेली खारी कुणी विकत घेत नाही. माझ्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांचं संरक्षण आहे. त्याचा माल फार तर हजाराचा असेल. ते साडेसात लाख आणि ते हजार यांची गाठ पडायला एक नाव-पत्ता हवा होता. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात. खरचटलेल्या कोपराला आणि भिजलेल्या खारीला काही नाही.

गॅरेजवाल्यानं आरसा बघून विचारलं, "कुठं घासली, मॅडम?" मी म्हणाले, "गेटला." किती सहज. तो म्हणाला, "क्लेम करू नका, एवढ्याशासाठी बोनस जाईल." खरंच होतं ते. चार वर्षं क्लेम नाही म्हणून माझा बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पंचेचाळीस टक्के होता, यंदा पन्नास होणार होता. कायदा म्हणतो कंपनीला कळवा, बोनस म्हणतो गप्प बसा. रोख पैसे देऊन मी काच बदलली.

चार वाजता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी घालून त्या हद्दीतल्या ठाण्यात गेले. चोविसातले एकवीस तास संपले होते. ठाणे अंमलदार साधारण माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं बसायला खुर्ची दिली. "कुणाविरुद्ध तक्रार आहे?" मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला कुणी धडक दिली?" "नाही, मी दिली." "समोरचा आलाय का?" "नाही." "मग?" त्या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं आत जाऊन कुणाला तरी विचारलं, दवाखान्यांतून तशी काही खबर आली आहे का तेही बघितलं. नव्हती. परत येऊन म्हणाला, "काकू, अर्ज लिहून द्या. पोच देतो. कुणी आलं तर बोलावू." मी अर्ज लिहिला. 'मी न थांबता निघून गेले' हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. आधी 'गर्दीमुळे थांबता आले नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं तसंच ठेवून त्यानं वर शिक्का मारला. शेजारच्या बाकावर एक बाई कडेवर मूल घेऊन बसली होती, ती माझ्याकडं असं बघत होती की हिला घरी काही काम नाही का.

पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघं गेले, त्या प्रकरणात त्या मुलाला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता म्हणून आपण सगळे चिडलो होतो. मीही चिडले होते. माझे तीनशे शब्द केव्हाच होऊन गेलेत.

घरी आले तर आबांची पट्टी निघाली होती, भाचा घेऊन गेला होता त्यांना. काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. मी पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, मग परत दिली. "वाच तूच." मी वाचून दाखवली. खोडलेलं वाक्यही वाचलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "टोस्ट सांडलं त्येचं. मानूस उठला." मी विचारलं, "तुम्हाला दिसलं? एका डोळ्यानं?" त्यांचा डावा डोळाही पिकत आलेला. त्याच्या ऑपरेशनची तारीख अजून मिळायची होती. म्हणाले, "बत्तीस वर्सं डावीकडंच बगत आलो." मग तेव्हाच का बोलला नाहीत, हे मी विचारलं नाही. 'थांब' म्हणाले असते तर मी थांबले असते का, हेही मला सांगता येत नाही. शिवाय त्यांना खरंच दिसलं होतं, की पोच बघून ते बोलले, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

महिन्यानं दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला पुन्हा तोच रस्ता. येताना मुद्दाम तीच वेळ धरली. निळ्या पेटीचे सायकलवाले त्या रस्त्यावर एक नाही, तीन-चार आहेत, हे मला त्या महिन्यात कळलं होतं. मी त्याचा चेहरा पाहिलेलाच नव्हता, त्यामुळं सगळेच तो होते. एक कडेला चालला होता, पन्नाशीचा, पँटचे पाय दुमडलेले. मी त्याच्या पुढं जाऊन गाडी बाजूला घेतली, हॅझर्डचे दिवे लावले. आबांनी काच खाली केली. सायकल जवळ आली, तसा तो गिऱ्हाईक समजून थांबला, स्टँड लावला आणि पेटीचं झाकण उघडलं. तुपाचा नव्हे, डालड्याचा तो गरम वास आत आला. आबांनी त्याच्याकडं बघितलं.

"न्हवं ह्यो," म्हणाले.

काळा चष्मा त्यांनी काढला नव्हता. माणूस कागद हातात धरून वाट बघत उभा होता. "किती देऊ?" मी म्हणाले, "अर्धा किलो." त्यानं तराजू काढला, खारी एकेक करून पारड्यात ठेवली, एक जास्तीची टाकली. सुट्टे पैसे देताना आबांच्या अंगावरून हात लांब केला, तेव्हा त्याच्या बाहीला कोपराशी नवीन, जाड दोऱ्याची शिवण दिसली.